माझ्या नावाचा कौल

माझ्या भावाची मुलगी सायली परवा फोनवर विचारत होती, "आत्या, बारावी झाली की थेट सी.ए.च्या पहिल्या परीक्षेला बसता येतं ना? बी.कॉम. व्हायची वाट बघायला नको ना?" मी म्हटलं, नको बाई, बस खुशाल. मग तिनेच मला सगळं समजावून सांगितलं. पहिली परीक्षा, मग इंटर, मग एखाद्या सी.ए.च्या हाताखाली आर्टिकलशिप, ती आता म्हणे दोनच वर्षांची झाली आहे, मग फायनल. व्याख्यानं मोबाइलवर, प्रश्नपत्रिका मोबाइलवर, शंका विचारायच्या त्याही मोबाइलवर. मी हूं हूं करत ऐकत होते. जन्मभर जिल्ह्यातल्या सोसायट्यांचे हिशोब तपासत एस.टी.ने फिरलेली बाई मी, मला हे सगळं ठाऊक नसेल असं पोरीला वाटलं, याचंही काही नाही. पण फोन ठेवला आणि पोटात जुनी कळ उठली. ही कळ माझ्या ओळखीची आहे. तिचं नाव माधू.

माधू म्हणजे माधवी, माझी चुलत बहीण. तारकर्लीला आमचं एकत्र घर. थोरले काका, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणे, गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेरमन. माझे बाबा धाकटे. ते माडांची बाग बघायचे आणि बोलायचे कमी. चूल एक, न्हाणी एक, परसात विहीर एक, आणि माधू आणि मी एकाच चटईवर झोपून एकाच कंदिलाखाली अभ्यास करून वाढलो. ती माझ्याहून काही आठवड्यांनी मोठी. त्या काही आठवड्यांनी माझा जन्म नासवला असं मी एकदा आईला म्हटलं होतं, तेव्हा आईने हातातला पळा माझ्या दिशेने उगारला होता. पण खरंच, घरात काही आलं की आधी माधू. नवं परकर-पोलकं, आधी माधूला. आंब्याच्या पहिल्या पेटीतला फोडलेला आंबा, आधी माधूला. कारण ती थोरल्याची थोरली. त्यावर कोणी बोलायचं नाही, जसं भरतीवर कोणी बोलत नाही.

बरं, तिने मिरवलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं. ती मिरवायची नाही. अर्धा आंबा माझ्या हातात कोंबायची. केस तिचे गुडघ्यापर्यंत, रंग काकीचा, आणि गणितं सोडवताना ती गुणगुणायची. मी जीभ दातात धरून, कपाळाला आठ्या घालून जे सोडवी ते ही बाई विहिरीवरच्या रहाटाच्या कुरकुरीबरोबर गाणं म्हणत सोडवी, आणि गुण दोघींना सारखे. सारखे गुण मिळाले की शिक्षकांना कौतुक वाटायचं. मला राग यायचा. माझे गुण घाम गाळून आलेले आणि तिचे असेच, वाटेत सापडल्यासारखे.

पाऊस ओसरला की दरवर्षी ओरोसहून ऑडिटर साहेब सोसायटीचे हिशोब तपासायला यायचे. आता सिंधुदुर्गनगरी म्हणतात, आमच्या तोंडात ओरोसच बसलंय. गावात खाणावळ नव्हती, म्हणून त्यांचं जेवण चेरमनच्या घरी. त्या दिवशी घराचा नूरच वेगळा असे. पहाटेपासून पाट्यावर खोबरं, आईच्या हाताला तिरफळांचा वास, बाहेर रापणीच्या जाळ्याचे दोर ओढणाऱ्यांचा लांबून येणारा एकसुरी आवाज, आणि काकी मधूनमधून दारात येऊन बघायची, बांगडो इलो काय नाय. साहेब पडवीत पाटावर बसायचे, चष्मा काढून बाजूला ठेवायचे, आणि पहिला घास खाल्ला की डोळे मिटायचे. आम्ही दोघी वाढायला. बारावीच्या वर्षी अण्णांनी त्यांना विचारलं, "साहेब, ही आमची दोन चेडवां. दोगीय कॉमर्साक आसत. ह्येंचा फुडे काय करूचा?"

साहेब शुद्ध मराठीत बोलायचे, सावकाश, प्रत्येक रकाना तपासून पुढे जावं तसे. म्हणाले, "अण्णा, रस्ते दोन. एक जवळचा. बी.कॉम. करायचं, मग सहकाराची आणि हिशोबाची सरकारी पदविका आहे, जी.डी.सी. अँड ए. म्हणतात, ती द्यायची. ती झाली की माझ्यासारखं सोसायट्यांचं ऑडिट करता येतं. घरी राहून जमेल. दुसरा लांबचा. सी.ए. त्याला बारावीनंतर लगेच सुरुवात होते. परीक्षा कडक, आणि मध्ये तीन वर्षं एखाद्या सी.ए.कडे आर्टिकल म्हणून राबावं लागतं. त्यासाठी मुंबईला, निदान कोल्हापूरला जावं लागेल. पण मुलगी एकदा सी.ए. झाली की कुठलीही कंपनी घ्या, तिच्या सहीशिवाय पान हलत नाही." अण्णा म्हणाले, "चेडवाच्या सहयेशिवाय?" साहेब म्हणाले, "चेडवाच्याच."

मी सोलकढीचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिले. तोवर मला माहीत असलेल्या बायका चुलीशी, बाजारात नाहीतर शाळेत होत्या. जिची सही नसली तर काही अडतं, अशी बाई मी पाहिली नव्हती. त्या क्षणी मला ते हवंसं झालं. साहेबांनी मग गंमत म्हणून आम्हाला विचारलं, "काय गं मुलींनो, तेरीज शिकलात ना? सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजू मांडल्या आणि दोन्हींची बेरीज सारखी आली, म्हणजे हिशोब बरोबर असं म्हणायचं का?" मी म्हटलं, "नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि तरी तेरीज जुळते." साहेबांचा हात भातात थांबला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अण्णा, ही ऑडिटर होणार." माधू म्हणाली, "साहेब, आणखी थोडी कढी वाढू?"

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. त्या दिवशी साहेबांनी बोट माझ्याकडे दाखवलं होतं. अण्णांनी ते ऐकलं, पण त्यांच्या कानात 'आमच्या घरातलं चेडू सी.ए. होणार' एवढंच शिरलं. कुठलं चेडू, हा भाग बाहेरच राहिला.

मे महिन्यात मुंबईची आत्या आली. तिच्या ओळखीत एक सी.ए. होते आणि ते मुलीला आर्टिकल म्हणून घ्यायला तयार होते. पण आत्याची खोली केवढी, तर तिच्या शब्दांत सांगायचं तर पाय पसरले की दार उघडायचं नाही. ओट्यावर बसून फणसाचे गरे सोडवता सोडवता ती म्हणाली, "एकच धाडा हां. दोगींका धाडलात तर मी खंय निजू?" सगळे हसले. मी हसले नाही. मी माधूकडे बघत होते. ती हाताला तेल लावून चीक काढत होती, जणू गोष्ट शेजारच्यांच्या घरची चालली आहे. मला वाटलं, हिला काही पडलेली नाही, हिला मिळेल ते ती घेईल, आणि मी मात्र जळून मरेन. तसंच झालं.

आमच्या घरात ठरवायचं झालं की देवाला विचारायचं. विहीर कुठे खणायची, होडी कधी घालायची, मुलगी कुठे द्यायची, सगळ्याला कौल. बाहेरच्या माणसाला सांगते, ग्रामदेवतेच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतो. मग सगळे हात जोडून उभे. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली की देवाचा होकार, डाव्या अंगाची पडली की नकार. हसणाऱ्याने हसावं. मी इतकी वर्षं लोकांची व्हाउचरं उलटसुलट करून बघितली, पण आजही त्या देवळाच्या गाभाऱ्यासमोर माझे पाय आपोआप जुळतात.

त्या सकाळी आम्ही सगळे गेलो. देऊळ शेणाने सारवलेलं, गार. कोणीतरी उदबत्ती लावली होती आणि मागे समुद्र नेहमीसारखा आपलं तेच ते उगाळत होता. गुरवाने अण्णांना विचारलं, "नाव कोणाचा घेव?" अण्णा म्हणाले, "माधवीचा." एवढंच. कोणी चर्चा केली नाही, कोणी माझ्याकडे बघितलं नाही. थोरल्याची थोरली, आधी तिचं नाव, पुढे बघू. गुरवाने हात जोडले आणि आवाज चढवला, "बा देवा म्हाराजा, आज ह्या घरातली लेकरां तुज्या पायाकडे इली आसत. थोरल्याचा चेडू माधवी, तेका हिशोबाच्या शिक्षणाक मुंबयेक धाडूचा मनात आसा. तुजी मर्जी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा."

मी काय मागितलं ते सांगते, लपवायचं कशाला. मी डावा मागितला. डावा पडला की तिचं नाव मागे, माझं पुढे. डोळे गच्च मिटून मी मनात नुसतं डावा, डावा, डावा म्हणत होते. शेजारी माधूही डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते तिचे. बघा कशी मागतेय, मला वाटलं, गरे सोडवताना तोंडातून शब्द नाही आणि इथे कशी भराभर मागतेय. पाकळ्या बराच वेळ तशाच राहिल्या. मग उजवी सुटली आणि खाली आली. अलगद, काहीच घाई नसल्यासारखी.

गुरव भला माणूस. त्याने अण्णांकडे वळून विचारलं, "दुसऱ्या चेडवाचा नाव घेवचा?" अण्णा म्हणाले, "उजवो पडलो, मगे आता कशाक? देवाक परत परत इचारला तर ताका राग येतलो." मी बाबांकडे बघितलं. ते माझे बाबा. टोपी हातात घेऊन उभे होते. एक शब्द बोलले असते तरी गुरवाने दोन पाकळ्या आणखी लावल्या असत्या. बाबा म्हणाले, "होय म्हाराजा." आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले.

म्हणजे देवाने मला नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते. देवाला माझं नाव विचारलंच गेलं नाही. हे जे विचारलंच न जाणं आहे ना, ते जन्मभर सलतं. त्या दुपारी आईने माझ्या ताटात सुरमईची मोठी तुकडी घातली, पोटाकडची. ती नेहमी अण्णांची असे. मला त्या तुकडीचा इतका राग आला की मी ती मांजराला घातली. आईने बघितलं.

माधू गेली. आईने आणि काकीने मिळून नाचणीचे लाडू केले, कोकमं बांधून दिली, आत्यासाठी सुके बांगडे कागदात गुंडाळले. स्टँडवर सगळे गेले. मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले आणि चटईवर एकटी ऐसपैस पडले. किती दिवस मला एकटीची चटई हवी होती. मिळाली आणि झोप लागली नाही.

पुढची वर्षं मी मालवणला कॉलेजात बी.कॉम. करत होते, आणि माधू मे महिन्यात आणि गणपतीला घरी यायची. तिच्याकडे आता एक हातात धरायची पर्स होती आणि नवे शब्द होते. "आज आमी स्टॉक मोजूक गेल्लंव," असं ती सहज म्हणायची. कुठल्या तरी मोठ्या गोदामात, हातात पॅड घेऊन, पुरुषांना बाजूला व्हा म्हणत हिने पेट्या मोजल्या होत्या. मी तिचे ते शब्द मनात घोकायची. व्हाउचिंग. फायनल ग्रुप. सर, पार्टीचं बॅलन्स कन्फर्मेशन आलं नाही. न्हाणीत पाणी तापवताना मी ते पुटपुटायची, आणि धुराने डोळे चुरचुरले की बरं वाटायचं, कारण मग रडण्याचं कारण द्यावं लागत नसे. काकी दर वेळी तिला घावणे घालायची आणि म्हणायची, "कशी सुकली गो माजी बाय." मी काही सुकले नव्हते, म्हणून माझ्याकडे कोण बघणार.

फायनलला ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. अण्णा सोसायटीत जाईनात. लोक मला सांगायला यायचे, बघ, तुजा बरा, घरात रवान शिकलंस. त्यांना वाटायचं मला बरं वाटत असेल. मला तिच्या नापास होण्याचाही हेवा वाटायचा. नापास व्हायलासुद्धा आधी परीक्षेला बसायला मिळावं लागतं.

माझी तोवर पदविका झाली होती. पहिल्या सोसायटीत ऑडिटला गेले तेव्हा सेक्रेटरीने दोनदा विचारलं, "साहेब मागसून येतले?" मी म्हटलं, "साहेब मीच." त्याने खुर्ची पुसून दिली आणि चहाबरोबर पोह्यांची बशी आली. पुढे हे रोजचंच झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. लोक ऑडिटरबाई म्हणायला लागले. पण रात्री पडल्यावर मी स्वतःला विचारायची, माझं नाव घेतलं असतं तर कुठली पाकळी पडली असती?

अखेर माधू पास झाली. अण्णांनी सोसायटीच्या ओट्यावर सत्कार ठेवला, शाल, नारळ, पेढे, लाउडस्पीकर. माझे बाबाही बोलायला उभे राहिले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाले की देवाचा उजवा कौल कधी फुकट जात नाही. मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी परसात कपडे धुवायच्या धोंडीवर बसून बांगडे साफ करत होतो. मी कल्ले ओढून फेकत होते, कावळे माडावर तयारच होते. माधूने हातातला बांगडा धोंडीवर ठेवला. मग म्हणाली, "सुलू, तुका एक सांगू? त्या दिसा देवळात मी डावो मागी होतंय."

मी मान वर केली. "काय?"

"डावो. माका जावचा नव्हता गो. माका हंयच रवाचा होता, आयेकडे. हंय बालवाडी काढूची माज्या मनात होती. थंय गेल्यार आत्येच्या न्हाणयेत बसान मी रोज रडलंय. ता हिशोबाचा माका कधी आवडलाच नाय."

"मगे बोललंस कित्या नाय?"

"कोणी इचारल्यानी? आणि उजवो पडल्यार बोलतलंय कशी? देवाक खोटो पाडू?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तिचे ते केस आता खांद्यापर्यंत आले होते आणि डोळ्यांखाली काळं. ओठ हलत होते तिचे त्या दिवशी, मी पाहिले होते, आणि मला वाटलं होतं की ही माझ्या तोंडचा घास मागतेय. मी म्हटलं, "मीव डावोच मागी होतंय." माधूने आधी ऐकलं नसल्यासारखं केलं. मग तिला हसू फुटलं. खवल्यांनी भरलेले हात हवेत धरून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "दोगींनी मिळान मागलंव गो. आणि देवान उजवो दिल्यान." साहेब म्हणाले होते ते मला आठवलं, म्हणजे मीच म्हटलं होतं ते. दोन चुका एकमेकींना झाकतात, आणि सगळा गाव ओट्यावर बसून म्हणतो, जुळलं.

मी हसले नाही. अजूनही मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मी जिच्यासाठी जळले ती गोष्ट हिला नकोच होती. नको असलेलं ताट कोणी समोर ठेवलं आणि ही मुकाट जेवली, आणि दारात उपाशी उभी मी. हे कळल्यावर हेवा जायला हवा होता ना? वाढला. आता तिला दोष द्यायची सोयही उरली नाही. माधू ठाण्याला असते, स्वतःचं ऑफिस आहे, दाराच्या पाटीवर नाव आहे. मध्ये इथे आली तेव्हा किनाऱ्यावर ओळीने उभी राहिलेली पर्यटकांची राहायची घरं बघून म्हणाली, "तुजा नशीब बरा गो, रोज दर्या दिसता." मी म्हटलं, "होय."

काल माझ्या भावाचा, विनूचा फोन आला. "ताई, सायलीच्या सी.ए.साठी आयतवारी कौल लावतलंव. तू ये." मी म्हटलं, लाव. येते. पण देवळात पाय ठेवायच्या आधी पोरीला विचार ती काय मागणार आहे. आधी तिचं ऐक, मग देवाचं. विनूला काही कळलं नाही. त्याने फोन सायलीकडे दिला.

"आत्या, बाबांका कौल लावूचो तर लावू देत," ती म्हणाली. "मी फॉर्म भरून टाकलंय. कोल्हापूराक रवाचीव सोय बघलंय."

"आणि डावो पडलो तर?"

"तर देवाक सांगान, उशीर झालो म्हणान."

ती हसली आणि तिने फोन ठेवला. मलाही हसू आलं. चुलीवर बांगड्याचं सार उकळत होतं, तिरफळं वर आली होती, आईने केलं असतं तसंच झालं होतं. मी पान वाढून घेतलं आणि बसले. आणि आता पन्नाशी उलटल्यावर खोटं कशाला बोलू, त्या पोरीचा मला इतका हेवा वाटला की घास गिळवेना.